दुखण्यानंतरची पावले

आपल्या भाषेत रोगग्रस्त माणसास दुखणाईत म्हणतात आणि निरोगी माणसास धडधाकट म्हणतात. परंतु ज्याचा ताप उतरला आहे, ज्याचे औषध थांबले आहे, आणि तरीही ज्यास घराचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबावे लागते, त्यास काय म्हणावे? ‘दुखण्यातून उठलेला’ एवढाच शब्दप्रयोग आपल्यापाशी आहे, आणि विचार केला तर तो मोठा अर्थपूर्ण आहे. त्यात शक्ती परत आली असे म्हटलेले नाही. माणूस उठला आहे एवढेच म्हटले आहे. उठल्यानंतर त्याने किती चालावे, केव्हा धावावे, आणि केव्हा मुकाट्याने खाटेवर परत यावे, ह्या प्रश्नाचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न घरगुती दिसतो, आणि तो घरगुती आहेच. दुखणे सरले की प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘‘पडून राहा, अंगात रक्त भरू दे.’’ दुसरा म्हणतो, ‘‘पडून राहशील तर पडूनच राहशील, ऊठ आणि चार पावले टाक.’’ पहिल्या पक्षात बहुधा माया अधिक असते आणि दुसऱ्यात उतावळेपणा. मौज ही की गेल्या पावणेदोनशे वर्षांत जगातील नामांकित वैद्यांतही हेच दोन पक्ष पडलेले दिसतात.

आपल्या प्राचीन वैद्यकाने ह्या बाबतीत एक मापच घालून दिले आहे. बलवान माणसानेही व्यायाम करावयाचा तो आपल्या शक्तीच्या अर्ध्याइतकाच, असे आयुर्वेदाचे सांगणे आहे. अर्धी शक्ती संपली हे ओळखावे कसे? तर श्वास तोंडावाटे येऊ लागला आणि कपाळावर व काखेत घाम फुटला की थांबावे. सुश्रुताने चालण्याचा, म्हणजे चंक्रमणाचा, निराळा उल्लेख केला असून देहास पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, बुद्धी आणि जठराग्नी वाढवते असे म्हटले आहे. ह्यातील ‘देहास पीडा न देणारे’ ही अट मुख्य होय. अतिव्यायामाने तहान, खोकला, ताप व क्षय ओढवतात, हेही त्याच शास्त्रात आहे. म्हणजे चालणे हे औषध मानले, आणि औषध म्हटले की मात्रा आलीच.

आता आपल्या प्रांतातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. लोकमान्य टिळकांची प्रकृती तरुणपणी नाजूक होती. १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीला व पोहण्याला अधिक दिले, आणि परीक्षेचे वर्ष गेले तरी त्याची खंत केली नाही. ही ठेव पुढे उपयोगी पडली. १८९७ च्या सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील कालवण कांदालसणाचे. ते त्यांस चालेना. कोरडी भाकर पाण्यात कालवून ते दिवस काढीत, आणि काथ्याचे काम करीत. वजन झपाट्याने उतरले. मॅक्समुल्लरादी विद्वानांनी रदबदली केल्यावर ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते मुदतीपूर्वी सुटले. सुटल्यावर प्रकृती सावरण्यासाठी त्यांनी सिंहगडचा आश्रय घेतला. गडावरची कोरडी, गार हवा, साधे अन्न आणि मोकळे हिंडणे, हाच त्यांचा उपचार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मद्रासच्या काँग्रेसला गेले आणि तेथून पुढे सिंहलद्वीपाचा प्रवासही त्यांनी केला. शरीर पूर्वी कमावलेले असले म्हणजे ते परत कमावणे सोपे जाते, हा ह्या उदाहरणाचा बोध.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या दुर्बलतेची हकीकत त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे. १९१८ च्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना गाडी मिळेना, तेव्हा ते व त्यांचे सहकारी दिवसाला वीस वीस मैल चालत. ऑगस्टात त्यांना आमांशाने गाठले. औषध व दूध ह्यांविषयीच्या व्रतांमुळे उपचारास वाट राहिली नाही, आणि एके रात्री आपला अंत जवळ आला असे त्यांस वाटले. अशा वेळी केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ साबरमतीच्या आश्रमात आले आणि त्यांनी अंगभर बर्फाचा उपचार केला. लोक त्यांना बर्फाचे डॉक्टर म्हणत. त्या उपचारास कितपत श्रेय द्यावे हा भाग वेगळा. परंतु त्यानंतर गांधीजींच्या मनास उभारी आली, भूक लागू लागली, आणि ते हळूहळू पाच ते दहा मिनिटे चालू लागले.

श्रोतेहो, ह्या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे. वीस मैल चालणारा माणूस काही महिन्यांतच पाच मिनिटांवर आला होता! पुढे हितचिंतकांच्या सांगण्यावरून ते हवापालटासाठी माथेरानला गेले. पण तेथील जड पाणी त्यांस मानवले नाही आणि आठवड्याच्या आतच त्यांना खाली यावे लागले. थंड हवेच्या ठिकाणी गेले की प्रकृती आपोआप सुधारते, ही समजूत सर्वांच्या बाबतीत खरी नसते. मुंबईस डॉक्टर दलाल ह्यांनी दुधाचा आग्रह धरला, कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची तोड सुचविली, आणि तेव्हा कोठे अंगात जीव येऊ लागला. चालणे अन्नावाचून होत नाही, हा येथील दुसरा धडा.

पुढे जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारीत सुटका झाल्यावर मार्चपासून ते जुहूच्या समुद्रकिनारी राहिले आणि तेथील वाळूवर सकाळसंध्याकाळ फिरून त्यांनी शक्ती परत मिळवली. मग १९३० साल उजाडले. १२ मार्चला साबरमतीहून निघून ५ एप्रिलला ते दांडीस पोचले. वयाची साठ वर्षे उलटली होती आणि अंतर सुमारे दोनशे चाळीस मैलांचे होते. ती चाल इतिहासात गाजली. पण तिची आखणी पाहिली तर ती एखाद्या जाणत्या वैद्याने केल्यासारखी दिसते. रोजची मजल साधारण दहाबारा मैलांची, ठरलेले मुक्काम, आणि सोमवारी विश्रांती. ह्याच यात्रेच्या पाठोपाठ मे महिन्यात आपल्या सोलापुरात काय घडले, मार्शल लॉ कसा पुकारला गेला, हे येथल्या श्रोत्यांस सांगावयास नको.

ही थोरांची उदाहरणे झाली. आता वैद्यांच्या वादाकडे वळू. हा वाद मुख्यतः क्षयरोगावरून पेटला. जर्मन वैद्य हेर्मान ब्रेमर ह्याने १८५४ साली सायलीशियातील ग्योर्बर्सडोर्फ येथे डोंगराळ भागात आरोग्यधाम काढले. क्षयी माणसाचे हृदय बळकट केले पाहिजे असे त्याचे मत होते, म्हणून रुग्णांस तो चढाच्या वाटांवरून बेताबेताने चालावयास लावी, आणि त्या वाटांवर विसाव्यासाठी बाके असत. त्याचाच एक रुग्ण डॉक्टर पेटर डेटवायलर बरा झाला आणि १८७६ साली त्याने फाल्केनस्टाइन येथे स्वतःचे आरोग्यधाम उघडले. पण तेथे त्याने गुरूच्या उलट केले. रुग्णास मोकळ्या ओसरीत आरामखुर्चीवर तासन् तास निजवून ठेवणे हा त्याचा मुख्य उपचार. म्हणजे एकाच पंथात चालणाऱ्यांचा मठ आणि पडणाऱ्यांचा मठ असे दोन मठ झाले! १८८० नंतर म्युनिकचा अर्टेल नावाचा वैद्य हृदयविकाऱ्यांसाठी हाच विचार घेऊन पुढे आला. त्याने सपाट, मध्यम आणि चढाच्या अशा निरनिराळ्या वाटा आखून रुग्णांची पायरीपायरीने प्रगती करावी असे सुचविले.

ह्या सर्वांत मला सर्वाधिक आदर वाटतो तो इंग्लंडातील मार्कस पॅटर्सन ह्यांच्याविषयी. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने सरे परगण्यात फ्रिमली येथे आरोग्यधाम काढले, आणि १९०५ पासून ते त्याचे प्रमुख होते. तेथे येणारे रुग्ण श्रीमंत नव्हते; बरे झाल्यावर त्यांस पुन्हा कामावर जाणे भाग होते. पॅटर्सनांनी विचार केला की, सहा महिने खुर्चीत पडलेल्या मजुराच्या हाती एकदम फावडे दिले तर तो पुन्हा अंथरूण धरील. म्हणून त्यांनी पायऱ्या पाडल्या. प्रथम अर्धा मैल चालणे. मग वाढवीत वाढवीत दिवसाला दहा मैलांपर्यंत. ते जमले की मातीची टोपली उचलणे, मग फावडे, मग कुदळ. रोज ताप मोजावयाचा; पारा चढला की पायरी खाली उतरावयाची. चालण्याने क्षयावर परिणाम का होतो ह्याविषयी त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. परंतु दुबळ्या देहास कामावर परत न्यावयाचे तर पायऱ्यांनी न्यावे, ही त्यांची रीत मात्र टिकली.

आपल्याकडेही डॉ. बिलिमोरिया ह्यांनी १९१२ मध्ये पाचगणीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले, आणि मिरजेजवळ वानलेसवाडीचे आरोग्यधाम नावारूपास आले. ज्यांच्या घरची माणसे तेथे राहून आली, त्यांच्या कुटुंबांत ती शिस्त कित्येक वर्षे चालत असे. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व इतर औषधे आली. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, नियमित औषध घेणारा गरीब रुग्ण गर्दीच्या घरात राहून, साधे अन्न खाऊनही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. त्यानंतर डोंगरावरच्या त्या ओसऱ्या हळूहळू ओस पडल्या. रोग औषधाने जातो हे सिद्ध झाले. पण गेलेली ताकद गोळीने परत येत नाही, ती मिळवावीच लागते.

हृदयविकाराच्या बाबतीत पडून राहण्याचा पक्ष आणखी काही वर्षे प्रबळ राहिला. झटका आलेल्या माणसास सहासहा आठवडे कुशीवर वळण्याचीही मनाई असे. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉ. लेव्हाइन व डॉ. लाऊन ह्यांनी अशा रुग्णांस लवकर खुर्चीत बसवावे असे सांगितले, तेव्हा ते अनेकांस धाडसाचे वाटले. १९५५ च्या सप्टेंबरात अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांस झटका आला. डॉ. पॉल डडली व्हाइट ह्यांच्या देखरेखीखाली ते हळूहळू हिंडूफिरू लागले आणि १९५६ मध्ये पुन्हा निवडूनही आले. हृदयाचा झटका म्हणजे कर्तृत्वाचा शेवट नव्हे, हे त्यामुळे सामान्य माणसास पटले. १९६६ साली डॅलस येथे पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे बिछान्यात ठेवून पाहण्यात आले. त्यांची श्रम करण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली! तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही तेवढी हानी झालेली नव्हती. मायेच्या पक्षास हा आकडा सांगण्यासारखा आहे.

राहता राहिले धावणे. आपल्याकडे पहाटे धावत जाणारा माणूस बहुधा तालमीतला पहिलवान समजला जाई. सामान्य, मध्यमवयीन माणसाने प्रकृतीसाठी सावकाश धावावे, ही कल्पना १९६० नंतर न्यूझीलंडातील आर्थर लिडियार्ड ह्यांनी रुजविली. तेथून ती अमेरिकेच्या बिल बाउअरमन ह्यांनी उचलली आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा दंडक सोपा होता: धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, बोलता येईनासे झाले की आपण मात्रेबाहेर गेलो. तोंडावाटे श्वास येऊ लागताच थांबावे, हे जुने लक्षण आणि हा नवा दंडक ह्यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. सोलापूरच्या माणसास चालणे नवे नाही. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेली अडुसष्ट लिंगे गावाभोवती पसरली आहेत, आणि संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर हजारो लोक ती वाट पायी तुडवितात. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्यावरून आपल्या जिल्ह्यात येते. वारीचे सारे गणितच मुक्कामांचे आहे. आळंदीचा माणूस पंढरी एका दमात गाठीत नाही. आणि वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी आनंदाने धावतात, त्यास धावा म्हणतात. आधी अनेक दिवस चालणे, आणि मग थोडे धावणे, हा क्रम आपल्या परंपरेतच आहे.

काही वर्षांपूर्वी न्युमोनियातून उठल्यावर मी हाच क्रम पाळला. पहिला आठवडा खाटेपासून तुळशीवृंदावनापर्यंत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. मऊ भात आणि मुगाचे वरण. दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या तोंडापर्यंत, विजेचे खांब मोजीत. दाराशी मंडळींचा आवाज ठरलेला: ‘‘अहो, आज नको, वारा आहे.’’ वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, ‘‘मास्तर, आता बरे ना?’’ आणि त्या निमित्ताने दम खावयास सापडे. महिन्याने पार्क चौक. दोन महिन्यांनी किल्ल्याच्या तटाशेजारून सिद्धेश्वर तलाव. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सहाच्या आत घरी परत. चौथ्या महिन्यात डॉक्टरांना विचारून चार खांब चालणे आणि एक खांब सावकाश धावणे. एका वहीत रोजचे खांब लिहीत असे. काही दिवस आकडा खाली येई. दुसऱ्या दिवशी तो आपोआप वर जाई. वाढ सरळ रेषेत होत नाही, हे मुलांच्या गुणपत्रिकांवरून मला ठाऊक होतेच.

परंतु त्या दिवसांतील एक प्रसंग मला ह्या सर्व इतिहासापेक्षा अधिक शिकवून गेला. आमच्या गल्लीतील एक विडी वळणाऱ्या बाई त्याच सुमारास विषमज्वरातून उठल्या होत्या. ताप उतरून आठवडाही झाला नसेल, तो त्या मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसलेल्या दिसल्या. मी म्हटले, ‘‘अक्का, थोडे दिवस सकाळी फिरत जा, ताकद येईल.’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘मास्तर, मी फिरायला गेले तर विड्या कोण वळणार?’’ विडीची मजुरी हजारावर मिळते. न वळलेल्या विडीचे कोणी काही देत नाही. मजजवळ उत्तर नव्हते.

श्रोतेहो, येथे ह्या विषयाचे मर्म आहे. टिळकांस सिंहगड होता, गांधीजींस जुहूचा किनारा होता, मला पेन्शन आहे. १८७७ साली आपली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून ह्या गावात लक्षावधी माणसे घामावर जगली. आणि त्यांतील कितीतरी जण अंगात कणकण असतानाच पाळीवर परतली. आजारपण परवडेना म्हणून नव्हे, तर आजारानंतरचे दिवस परवडेनात म्हणून. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ पासून तो अमलात येऊ लागला, तेव्हा आजारी कामगारास रोख भत्ता मिळण्याची सोय झाली. माझ्या मते तो कायदा कोणत्याही टॉनिकापेक्षा मोठे औषध होय. पण जो घरी बसून तुकड्यावर काम करतो, त्याच्यापर्यंत असा आधार सहजी पोचत नाही. पॅटर्सनांनी मजुरांसाठी पायऱ्या बांधल्या, त्या चढावयास वेळ देणे हे समाजाचे काम आहे.

म्हणून ज्यांस तो वेळ लाभला आहे, त्यांनी तो वाया घालवू नये. दुखण्यातून उठलेल्याने प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण सर्व दुखणी सारखी नसतात. कोरोनाच्या साथीत सहा मिनिटे चालून बोटावरच्या यंत्रात प्राणवायू पाहण्याची रीत आपल्या घराघरांत आली; त्याच साथीनंतर असेही आढळले की, काहींना थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी अधिकच ग्लानी येते. अशांनी जोर करू नये. त्यांची मात्रा फार लहान असते. इतरांनी आज जेवढे सहज जमेल तेवढे चालावे आणि उद्या त्यात थोडीच भर घालावी. चालता चालता बोलता आले पाहिजे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा ताप भरला तर थांबून डॉक्टर गाठावा. पोटात अन्न असावे, रात्री झोप असावी. आणि धावण्याची घाई नसावी.

घरच्यांनीही एक करावे. खाटेशी पाण्याचा तांब्या नेऊन देण्याऐवजी तो माजघरात ठेवावा, आणि दुखणाइताने उठून घ्यावा. ‘पडून राहा’ म्हणण्याऐवजी ‘चल, मी बरोबर येतो’ म्हणावे. आपल्याकडे कामाला बाई येत असेल, विणकर येत असेल, आणि तो नुकताच दुखण्यातून उठला असेल, तर त्याचे आठ दिवसांचे वेतन न कापता त्यास घरी पाठवावे. त्याला सिंहगड देणे आपल्या हाती नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत चालावयास लागणारी सवड देणे मात्र खचित आहे.